जुनी रचना गेली!

आपण आता लेखिका झालो, याबद्दल रचना बाळगोंडा पाटील हिला तिळमात्र शंका उरली नव्हती. निपाणीजवळच्या खेड्यातनं बेळगावच्या कॉलेजात आली तेव्हा ‘माझे गाव छान आहे’ एवढं लिहिताना तिला घाम फुटायचा. आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ती साध्या ढगालासुद्धा ‘जलधर’ म्हणत होती!

मराठीच्या विक्रम सरांनी सांगितलं, ‘लेखक म्हणून तुम्ही कसे वाढलात, एक पान लिहा.’ रचनानं तीन पानं लिहिली! परीक्षेला वर्गात शिरता शिरता ती सरांना पाठवली आणि फोन बंद करून पिशवीत टाकला.

पण ती पानं गेली ‘पाटील परिवार’ ग्रुपवर!

तिकडं गावात अंबुआत्यानं चष्मा चढवून पहिल्या दोन ओळी वाचल्या. ‘जुनी रचना आता या जगात नाही. मी माझ्या हातांनी तिला मूठमाती दिली.’

“अण्णा! धाव रं! आपली रचना गेली!”

रचनाचे आप्पा, बाळगोंडा, गोठ्यातनं तसेच धावत आले. “कुणी कळवलं?”

“तिच्याच फोनवरनं आलंय. मैतरीण असंल कोण तर. मूठमाती बी दिली म्हणतीया! आमची वाट तरी बघायची न्हाई व्हय?”

“पर ‘जुनी’ कशाला म्हटलंय?”

“एकोणीस वर्सांची पोर, नवी कुठली म्हणायची तिला?”

फोन लावला, तर बंद. मग काय! जीपमध्ये अकरा माणसं कोंबली आणि जीप बेळगावच्या दिशेनं सुटली. आत्याचा हंबरडा एवढा मोठा, की टोलनाक्यावरच्या माणसानं पैसे घ्यायच्या आधी डोळे पुसले!

पेपर सुटला. रचना गेटवर आली, तर समोर अख्खी भावकी ओक्साबोक्शी रडत उभी. तिनंही गळा काढला.

“आत्या! कोण गेलं गं?”

“तू!” आत्या किंचाळली. मग तिला मिठीत घेतलं, पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा मिठीत घेतलं.

गलका ऐकून विक्रम सर धावले. आत्यानं फोन पुढं केला, तेव्हा पानं कुठं गेली ते रचनाला उमगलं. जुनी रचना म्हणजे आपलं जुनं लिखाण, असं रचनानं रडत रडत समजावलं. बाळगोंडा खाली मान घालून ऐकत होते. त्यांच्या पायात चप्पल नव्हती, घोट्याला वाळलेलं शेण होतं.

“मला त्यातलं काय कळत न्हाई बाई,” ते म्हणाले. “पर ‘पोचले, जेवले’ असं लिवत हुतीस, ते लगीच कळायचं बघ.”

सरांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.

रचना तिथंच पायरीवर बसली. पंधरा मिनिटांत अर्धं पान झालं. पहिलंच वाक्य होतं, ‘मी गेले असं समजून आप्पा आज अनवाणी बेळगावला आले.’ पुढं एकही जलधर नव्हता. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आता वाढलीस.”

संध्याकाळी मोठ्या अभिमानानं तिनं ते पान मुद्दाम ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत आप्पांचा फोन!

“लई ग्वाड लिवलंयस, बाळ. पर ते ‘मी गेले’ तेवढं काढ आधी! चिकोडीची पावणी मंडळी तेवढंच वाचून हार घेऊन निघाल्यात!”