चारपैकी एकवीस

रक्ताचा रिपोर्ट वाचायला डॉक्टर कशाला लागतो, असं पंचापकेशन मामांचं ठाम मत होतं. कुंभकोणमच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला एक आकडा वाचता येऊ नये?

जूनमध्ये कळलं की मामांची थायरॉइडची ग्रंथी पेंगते आहे. अंगाला सूज, बारा वाजले की डोळ्यांवर झापड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज बसलेला. मार्गळी महिन्यात पहाटे गल्लीतून भजनाची फेरी निघते, तिचा पहिला सूर गेली बावीस वर्षं मामांचा. आता त्या गळ्यातून फुटक्या भोंग्यासारखं काहीतरी निघायचं. मार्गळी डिसेंबरात लागणार होता आणि समोरचा सेतुरामन आत्तापासूनच गच्चीवर रियाज करू लागला होता. पहिला सूर गेला तर जगून काय करायचं, असं मामा बायकोला दिवसातून दोनदा विचारत. अलमेलू म्हणे, "आधी टोमॅटो आणा, मग ठरवा."

डॉक्टर तमिळरसींनी गोळी दिली. रोज सकाळी उपाशीपोटी, आणि पुढे तासभर पोटात काही नाही. मामांनी नेम एक दिवस मोडला नाही. पहाटे पाचला गाळण्यातून उतरलेल्या पहिल्या दाट डिकॉक्शनची कॉफी, तिच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी, मग सातपर्यंत कडकडीत उपास.

रिपोर्टात टीएसएच नावाचा एक आकडा असतो आणि शेजारी छापलेलं असतं, चारपर्यंत ठीक. जूनमध्ये मामांचा आकडा नऊ होता. ऑगस्टात चौदा झाला. चारपैकी चौदा! असा विद्यार्थी मामांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी गल्लीत म्हैसूरपाक वाटला आणि देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांना शिकवलं की आकडा वर म्हणजे ग्रंथी वर. डॉक्टरबाईंनी घाईघाईत गोळी वाढवली, ती मामांना बढती वाटली. ऑक्टोबरअखेर आकडा एकवीस झाला, तेव्हा सेतुरामनसुद्धा पडल्या चेहऱ्याने अभिनंदन करून गेला. आवाज तेवढा होता तिथेच होता.

एकवीस बघून डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"मामा, हा आकडा ग्रंथीचा नाही. मेंदू ग्रंथीला हाक मारतो, त्या हाकेचा आहे. ती ओ देत नाही, म्हणून हाक वाढत चालली आहे."

सोबत आलेल्या अलमेलूला हे लगेच समजलं. चाळीस वर्षं ती स्वयंपाकघरातून दुसरं काय करत होती?

"गोळी उपाशीपोटीच घेता ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! रोज पाचला, कॉफीबरोबर."

"कॉफीबरोबर?"

"मग? कॉफी म्हणजे काय खाणं आहे? एकादशीलासुद्धा चालते."

डॉक्टरबाईही कावेरीकाठच्याच. कॉफीचा अपमान त्यांनाही करवेना. "देवाला चालत असेल," त्या म्हणाल्या, "गोळीला नाही चालत. आता गोळी वाढवत नाही. ती नुसत्या पाण्याबरोबर घ्या, आणि कॉफी तासाभराने."

रामाचा वनवास चौदा वर्षांत संपला, मामांचा रोज पहाटे नव्याने लागायचा. घड्याळाकडे बघत ते अलमेलूवर खेकसायचे आणि ती शांतपणे गाळणं धूत बसायची. पण सूज उतरली, झापड गेली, गळा मोकळा झाला. मार्गळीच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. तीन!

मामा तडक देवळाच्या पायरीवर गेले आणि त्यांनी तीन म्हणून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. एकवीसवरून तीन म्हणजे काही राहिलंच नाही. कोणीतरी उठून मामांना जागा दिली. मामांनी मेंदू, हाक, ओ, सगळं समजावलं. पण ऑगस्टात याच माणसाने याच पायरीवर नेमकं उलटं, इतक्याच ठामपणे शिकवलं होतं. दुखणं डोक्यापर्यंत चढलं, असं सर्वांचं मत पडलं. मग मामांनी चिडून एक पद म्हणून दाखवलं. आवाज खणखणीत लागला.

सेतुरामनने डोळे टिपले. "विझताना ज्योत मोठी होते," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला गोळी घेऊन, नवं धोतर नेसून मामा फेरीला हजर झाले. सगळे त्यांच्याकडे चोरून बघत होते. सेतुरामनच्या बायकोला राहवलं नाही. तिने घरातून वाफाळती कॉफी आणली आणि मामांपुढे धरली. "घ्या मामा, बरं वाटेल."

वास नाकात गेला. मामांचा हात आपोआप पुढे झाला. तेवढ्यात देवळातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: पाच वाजून पाच मिनिटं.

"नको," मामा म्हणाले.

पहिली कॉफी नको म्हणणारा माणूस त्या गल्लीने आजवर एकच पाहिला होता, आणि त्याला त्याच दुपारी तिरडीवर उचललं होतं. झांजा थांबल्या. दोघांनी मामांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, तिसऱ्याने शाल पांघरली. मामा ओरडून ओरडून सांगत होते की मी ठणठणीत आहे, पण ते ऐकणार कोण? सेतुरामनने जड अंतःकरणाने पहिला सूर लावला.

मामांचा तास पावणेसहाला संपला. अलमेलूने कॉफी आणून हातात दिली, तेव्हा फेरी दोन गल्ल्या पुढे गेली होती.