नो कोच

रुफिनोला मनिलाहून फोन यायचा होता आणि रत्नाकरला चिपळूणहून बायकोचा. रियाधजवळ अल सुलैच्या त्या गोदामात फोन मात्र एकच होता, रत्नाकरच्या टेबलावर. आखाती युद्ध सुरू झाल्यापासून लाइन लागणं नशिबाचा भाग झाला होता. त्यामुळे दोघं जेवायलाही त्याच टेबलाशी बसत.

रुफिनो गोदामाचा मॅनेजर, पण सगळे त्याला कोच म्हणत. मनिलात तो एका बास्केटबॉल संघाचा दुय्यम कोच होता. संघ बंद पडला, तेव्हा पोटासाठी रियाधला आला. इथेही त्याने गोदामाच्या भिंतीवर कडं ठोकलं आणि ड्रायव्हरांना खेळ शिकवायला घेतला. रत्नागिरीचा उस्मान चेंडू हाती आला की कबड्डीसारखा दम धरून पळत सुटे. सगळे गेले की रुफिनो एकटाच कड्याकडे बघत उभा राही. आता मनिलातला एक क्लब नवा संघ काढत होता आणि कोचपदासाठी फोन करतो, असा क्लबच्या मालकाचा निरोप आला होता.

एका दुपारी भोंगा वाजला. सगळ्यांनी गॅसचे मुखवटे चढवले. माणसं गोळा करून आतल्या खोलीत नेणं मॅनेजरचं काम, म्हणून रुफिनो आवाराकडे धावला. रत्नाकरही उठला आणि नेमका फोन वाजला. त्याला राहवेना. मुखवट्यातूनच तो म्हणाला, "श्यामला?"

पलीकडे कोणी पुरुष इंग्रजीत काहीतरी विचारत होता. भोंग्याच्या आवाजात रत्नाकरला 'कोच' एवढंच कळलं. मुखवटा काढायची छाती होईना. कोच जागेवर नाही, हे त्याने जमेल तसं ओरडून सांगितलं.

"नो कोच! नो कोच!"

पलीकडच्याने विचारलं, "मग काय, मॅनेजर?"

रत्नाकरला हायसं वाटलं. माणसाने बरोबर ओळखलं होतं.

"येस, येस! मॅनेजर!"

फोन बंद झाला.

भोंगा खोटाच निघाला. सगळं ऐकून रुफिनोने लगेच मनिलाचा नंबर फिरवायला घेतला. पण कितीतरी दिवस लाइन लागली नाही. शेवटी मालकाचाच फोन आला. मुखवट्यातला तो आवाज त्याला रुफिनोचाच वाटला होता आणि एवढा ठामपणा आवडला होता. रुफिनोला त्याने संघाचा मॅनेजर केलं होतं. कोचपद दुसऱ्याला देऊनही टाकलं होतं.

रत्नाकरने माफी मागितली.

"मॅनेजर वर काचेच्या खोलीत बसतो," रुफिनो म्हणाला. "खाली पोरं खेळतात, पण त्याचा आवाज त्यांच्यापर्यंत जात नाही."

"मग नको जाऊस."

"निदान घरी तरी जाता येईल रे."

युद्ध संपल्यावर तो गेला. श्यामलाचाही फोन आला, पण "कधी येताय?" एवढ्यावरच लाइन तुटली. रत्नाकरचं गोदामात मन लागेना.

काही महिन्यांनी रुफिनोचा फोन आला. त्यांचा कोच दुसऱ्या क्लबात गेला होता आणि नवा नेमायचं काम मॅनेजरकडे आलं होतं.

"मग? मिळाला कोणी?"

"चांगली चांगली माणसं येऊन गेली. मॅनेजरला एकही पसंत पडेना. शेवटी त्याने स्वतःलाच नेमलं."

रत्नाकर हसला. मागे पोरांचा कालवा चालला होता. रुफिनो त्यांच्यावर आपल्या भाषेत मनसोक्त ओरडला आणि घाईघाईने निरोप घेऊन पळाला. फोन ठेवायचं मात्र विसरला. ते ओरडणं, ती पळापळ रत्नाकरला इकडे ऐकू येत राहिली. त्यानेही रिसीव्हर खाली ठेवला नाही. आपल्या घरी परतलेल्या माणसाचा आवाज तो ऐकत बसला.