तीन कासवांची सरासरी

पाळीव प्राणी परवाना कार्यालयाचे साहेब, तुम्ही माझ्या लेकीचं कासव उपाशी मारताय. तेही नियमात चोख बसवून, एवढं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं.

प्रत्येक नियमामागे कोणाची तरी काळजी असते. ‘एकाच दिवशी अंड्यातून निघालेली पिल्लं शेवटपर्यंत एकाच पेटीत’ या तुमच्या नियमामागे भावंडांत भेदभाव नको, हा थोर विचार आहे. पिल्लं वाढतात आणि सारखी वाढत नाहीत, असल्या किरकोळ गोष्टी साहेबांनी कुठवर बघायच्या?

आमच्याकडे तीन. आली तेव्हा बत्तीस, एकतीस आणि तीस ग्रॅमची. पाच महिन्यांनी एकशे अठरा, ब्याण्णव आणि चोवीस. चोवीसवालं म्हणजे बारकं. थोरलं त्याच्या पाठीवर चढून त्याच्या वाटची पानं खातं, मधलं पाय चावतं. लेकीनं त्याला वेगळ्या घमेल्यात ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी नोटीस: ‘कुटुंब फोडल्याबद्दल’. बारकं परत पेटीत.

मग तुमचे तपासनीस आले. बारकं कोपऱ्यात, कवचात मान घालून. त्यांनी लिहिलं: ‘भांडण नाही. धाकटे सभासद समाधानी (बाहेर आले नाहीत).’

“काका, ते जेवतच नाही हो,” लेक म्हणाली.

“बाळ, एकत्र राहायचं म्हणजे थोडं सांभाळून घ्यावं लागतं.”

“कोणी?” बायकोनं विचारलं.

“ज्याला जागा कमी लागते त्यानं, वहिनी.”

मग वजनकाटा निघाला. आधी सरासरी एकतीस, आता अठ्ठ्याहत्तर. शेरा: ‘उत्तम प्रगती’. शंभर ओलांडली की ‘आदर्श पेटी’चं प्रशस्तिपत्र. मी कागदावर मांडून पाहिलं: बारकं मेलं की सरासरी थेट एकशे पाच.

वेगळं ठेवायची सोयच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. अर्ज आहे. त्यावर तिघांच्या पंजांचे ठसे हवेत, राजीखुशीनं. (थोरलं पानांवरून हललं नाही. त्याची काही तक्रारच नाही.)

तर साहेब, बारक्याला घमेलं देताय, की आम्हाला प्रशस्तिपत्र?

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्ही काय हसताय? तपासनीसांच्या अहवालात ‘पेटीत सर्व आलबेल’ या ओळीखाली शेजारी म्हणून सात सह्या आहेत. त्यातली एक तुमची. आत डोकावून केलीत, की दारातूनच? उत्तर द्या. आजच द्या. उद्या बारकं तेवीस ग्रॅम असेल.