हिराकाकूंची कर्नाळ्याची फेरी

आमच्या सोसायटीतल्या हिराकाकू ट्रकला काठीने मारतात. चालत्या ट्रकला नव्हे, तेवढं भान त्यांना आहे. पण चालायची वाट अडवून उभा असलेला ट्रक, टेम्पो, मोटार, काहीही दिसलं की पत्र्यावर एक फटका ठणकन बसतोच. मालक धावत येतो. काकू त्याच्याकडे बघतही नाहीत. "मानसाना चालाया जागा ठेवा रं!" एवढं सुनावून पुढच्या गाडीकडे वळतात.

वय सत्तरीच्या आसपास, उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी, लुगड्याचा काष्टा घट्ट आणि पायांत नातवाचे जुने बूट. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांचं भातशेत होतं. त्यामुळे मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडण पेटलं की काकू उठतात. "कोनाची जागा? तुजी? इकरं चिखलान उभी ऱ्हाऊन मी भाताची आवनी केलीय!" मग सेक्रेटरी चहा मागवतात आणि विषय पुढच्या मीटिंगवर जातो.

दर रविवारी या काकू चालत कर्नाळ्याला जातात. पहाटे वडाळे तळ्यापासून निघायचं, हायवेच्या कडेने अभयारण्य गाठायचं, आणि परतताना हायवे सोडून आतल्या गावांतून, शेतांच्या बांधावरून पनवेलला यायचं. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय हे त्यांना लिफ्टमध्ये कळलं आणि माझे रविवार संपले.

"तू साताऱ्याचा ना? डोंगरातला मानूस, आन् दोन माल्याला लिफ्ट? रविवारी खाली ये."

"काकू, रविवारी जरा..."

"जरा काय नाय. ये."

काकूंबरोबर चालणं म्हणजे वाटभर त्यांचा राग ऐकणं. तळ्यात निर्माल्याची पिशवी भिरकावणाऱ्यावर राग. हॉर्नवर राग. मातीचा डंपर गेला की त्याच्या धुळीत उभं राहून त्या ओरडतात, "डोंगूर काय तुज्या आज्यानं बांधला व्हता?" जंगलात शिरल्यावर तरी शांतता मिळेल असं मला वाटायचं. एकदा चार पोरं मोठा स्पीकर लावून बसली होती. काकू जाऊन त्यांच्या मधोमध मांडी घालून बसल्या. गाणं संपेस्तोवर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दुसरं गाणं लागलंच नाही.

मीही सुटलो नाही. एकदा धनेश दिसला. एवढी मोठी चोच, अगदी समोरच्या फांदीवर. मी घाईने मोबाईल काढला. "डोल्यानी बग की! त्या डबड्याला दाखवाया एवढं लांब आनलाय काय?" काकू गरजल्या आणि धनेश उडाला. त्याचंही खापर माझ्यावर.

गेल्या महिन्यात काकूंना ताप आला आणि एक रविवार चुकला. पुढच्या रविवारी निघालो, कर्नाळा झालं, परतीला बांधावर उतरलो, तर समोर भिंत. कोऱ्या विटांची, डोक्याच्या वर. गावात शिरणारी पाऊलवाटच तिने गिळली होती. शेजारी पत्र्याचं गेट, गेटवर बंगल्यांच्या स्कीमचा रंगीत बोर्ड आणि प्लास्टिकच्या खुर्चीत वॉचमन.

"इधर से बंद है, माताजी. हायवे से जाओ."

काकूंनी गेटवर काठी हाणली. "पिढ्यान् पिढ्या लोक चालले यावरनं! कोनाला इचारलास?"

"मेरे को मत बोलो. साहब को बोलो."

"बोलव तुज्या सायबाला!"

साहेब अर्थातच तिथे नव्हता. माझंही डोकं फिरलं होतं. शेताला जायची, शाळेला जायची वाट अशी कोणी रातोरात विटांखाली घालतं? पण ऊन चढलं होतं आणि काकू आजारातून नुकत्या उठल्या होत्या. मी म्हटलं, "चला, हायवेने जाऊ. पनवेलला तर जायचंय."

त्या माझ्यावर उलटल्या. "पनवेलला जायाला मी येवढी चालते काय रं? तिकरं बेबी हाय!"

बेबी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. वडिलांच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. तिचं घर याच वाटेवर, भिंतीच्या अगदी पलीकडे. त्या अंगणापाशी काकू दर खेपेला माझ्यावर जास्तच का खेकसायच्या, स्वतःच्या गुडघ्याची, नातवाच्या नोकरीची हकिकत मला ओरडून का सांगायच्या, ते मला तिथे उमगलं.

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं आणि मलाच हाका मारायला लागल्या. मी हातभर अंतरावर उभा होतो. "चल रं! वाट बंद केलीय मेल्यानी! आता कवा येनं व्हनार नाय इकरं!"

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

"वराडतेस कशाला?" तसाच खणखणीत, तसाच चिडका आवाज आला. "मी बहिरी नाय."

काकू एक पाऊल भिंतीजवळ सरकल्या.

"गेले रविवारी का नाय आलीस?"

"ताप व्हता."

"मग कलवायचा नाय?"

"कसा कलवू? तू बोलतेस काय माज्याशी?"

पलीकडे बादली ओढल्याचा आवाज झाला आणि बोलणं भिंतीच्या अगदी जवळून आलं. "आता बोलते ना."

काकूंनी काठी गवतात टाकली. भिंतीला पाठ लावून खाली बसल्या, बूट काढले, पदराने तोंड पुसलं.

"तू जा फुडं," मला म्हणाल्या. "मना वेल लागल."

मी बांधावरून हायवेकडे निघालो. थोडं पुढे जाऊन मागे पाहिलं. काकू मान भिंतीकडे वळवून काहीतरी बोलत होत्या, आणि मला त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता.