सात फडक्यांचा देव

देव सर्वत्र असतो हे सर्वमान्य आहे. मात्र शहरात त्याला जागा मोजूनच मिळते.

आमच्या तोक्योतल्या गल्लीच्या सुगिनोकी इनारी, म्हणजे देवदाराखालच्या धान्यदेवाच्या, देवस्थानाचा इतिहास लिहिण्याचा मान चिटणीस या नात्याने माझ्याकडे आला. इतिहास उज्ज्वल आहे. देवस्थान सहा वेळा हलले: दोनदा आगीमुळे, एकदा भूकंपामुळे, एकदा बॉम्बमुळे, एकदा रस्त्यामुळे आणि एकदा नगरसेवकाच्या मेहुण्यामुळे (हाही नैसर्गिक आपत्तींतच धरला आहे). गाभाऱ्यातली वस्तू कोणी पाहायची नाही, असा दंडक. म्हणून दर वेळी जुने फडके न सोडता त्यावरच नवे बांधायचे. त्यामुळे देव श्रद्धेबरोबर वाढत गेला.

यंदा, १९८६ साली, टॉवर आला. बिल्डरने देवाला अकराव्या मजल्याच्या गच्चीवर, एसीच्या यंत्राशेजारी कोनाडा दिला. कोनाडा उत्तम होता. देव मावेना.

"दोन फडकी काढा की!" अध्यक्ष तोकुमारू म्हणाले. ते ताटामी चटया विणतात. बसत नाही ते कापायचे, ही त्यांची रीत. "आत काय वाघ बसलाय?"

"खबरदार हात लावाल तर!" शिगेनो आजी गाठोड्याला मिठी मारून बसल्या. भूकंपाच्या आगीत, भर दुपारी, त्यांच्या आईनेच देव पाठीवर घेऊन वाचवला होता. फलकावर तिचे नाव आहे.

मी त्यांना बाजूला घेतले. आजींचे डोळे भरून आले.

"तेराओ, आईनं दोन गाठोडी बांधली होती रे. एकसारखी. एकात देव, दुसऱ्यात सासूचा लोणचं दाबायचा दगड. तो हरवला तर सासू जीव घेईल, म्हणून. धुरात एकच हाताला लागलं. मरेपर्यंत विचारायची, 'कोणतं गं आणलं मी?' आता उघडलंत, तर लोक माझ्या आईला हसतील."

मला गलबलून आले. मी समितीला कळवले: तज्ज्ञांचे मत घ्यावे.

तज्ज्ञ म्हणजे पुजारी उन्नो. त्यांनी गाठोड्याला नाक लावले. बराच वेळ लावले.

"मुळ्याच्या लोण..." ते म्हणाले आणि त्यांचे लक्ष आजींकडे गेले. "जुन्या देवदाराचा वास आहे. अस्सल."

"मलाही तोच आला," तोकुमारू घाईघाईने म्हणाले. ते दहा फुटांवर उभे होते.

ठराव एकमताने संमत झाला: वास देवदाराचा आहे, कोनाडा वाढवावा, यंत्र हलवावे. (दहाव्या मजल्यावर तेव्हापासून उकडते. इतिहासात याची नोंद 'भक्तांचा त्याग' या सदरात आहे.) यंदा चारशे बारा परीक्षार्थींनी नवस केले, तीनशे नव्वद पास झाले. उरलेल्यांनी अभ्यास केला नव्हता. आजी रोज तळलेला तोफू वाहतात आणि आता शांत झोपतात.

तुम्ही हसताय? हसा. मग घरी जा, आणि आजीने 'उघडू नका' म्हणून दिलेले जे काही कपाटात जपून ठेवले आहे, त्याला एकदा नाक लावून पाहा.

नाही ना लावणार? या मग. आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे.