जीपाईचं कुंकू

एका जंगलात एक जीप होती. जंगलात जीप कशी, असं विचारू नका, मुलांनो. एका शिकाऱ्याच्या मागे मधमाश्या लागल्या, शिकारी पळाला, जीप राहिली. पेट्रोल कुठून यायचं, हेही विचारू नका. गोष्टीत ते मिळतं.

सिंहराजाने जीप सरकारजमा केली आणि आयुष्यातलं एक चांगलं काम केलं. आजाऱ्यांना घाटापलीकडे डॉक्टर करकोच्यांकडे न्यायला ती लावून दिली. चालवायला हुप्पाजी वानर. फक्त टाकी कधीच पूर्ण भरायची नाही, असा हुकूम होता. टाकी भरलेली असली की ड्रायव्हरला शेजारचं जंगल दिसायला लागतं, असं राजाचं मत होतं.

आता अर्धी रिकामी टाकी आणि जंगलातली ओल. टाकीला आतून गंज चढला. बाहेरून जीप चकचकीत होती, कारण राजा बाहेरूनच बघायचा.

मग ती घाटात बंद पडू लागली. चढ लागला की तळातला गंज ढवळून नळीत जायचा आणि इंजिन खोकून गप्प व्हायचं.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा गाडीत एक कोल्हा होता. त्याला गाडीतलं काहीच कळत नव्हतं, त्यामुळे तोच पुढे झाला.

"गाडीचा मान राहिलाय," तो म्हणाला.

नारळ फोडला. आरती म्हटली. खोबरं वाटलं. तेवढ्या वेळात गंज तळाशी बसला. हुप्पाजीने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

त्या दिवसापासून कोल्ह्याचे कोल्हेगुरुजी झाले आणि पुढच्या सीटवर बसू लागले. जीपची जीपाई झाली. आजाऱ्याने येताना नारळ आणायचा, असा नियम निघाला.

याच जंगलात साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. तिची लेक चिमी तापाने फणफणली. माकडीण पोर पोटाशी धरून नेते, अस्वलीण पाठीवर घेते. साळिंदराच्या पाठीवर पोर कसं बसणार? साळूबाईला जीपशिवाय इलाज नव्हता.

घाटात जीप बंद पडली. आरती झाली, जीप निघाली. पुढच्या वळणावर पुन्हा बंद. गुरुजींनी पुन्हा घसा साफ केला.

"गुरुजी, पोरीचे डोळे फिरताहेत हो," साळूबाई म्हणाली. "जरा आटपतं घ्या की."

"कडवी गाळली तर पावत नाही, बाई."

साळूबाईचं डोकं फिरलं. तिने आपला एक गळलेला काटा टाकीत घातला आणि बाहेर काढला. काटा लालभडक.

"आत घाण साचलीय बघा," ती म्हणाली.

गुरुजींनी काटा पाहिला. क्षणभर तेही चपापले. मग हात जोडून म्हणाले, "घाण काय म्हणतेस, बाई. कुंकू आहे ते. आईने आज दर्शन दिलं."

गाडीतल्या सगळ्यांनी ते कपाळाला लावलं. तापलेल्या चिमीच्याही लावलं.

डॉक्टर करकोच्यांनी चोचीनेच नाडी पाहिली. "अजून एक आरती झाली असती तर पोर हातची गेली असती," ते म्हणाले. "औषध देतोय. परवा पुन्हा आणा, आणि वेळेवर आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा झोपला. राजा झोपला की त्या जंगलात कामं होत. साळूबाई हुप्पाजीकडे गेली.

"भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं," हुप्पाजी म्हणाला. "पण गाडी बंद पडली की आधी मला शिव्या बसायच्या. आता सगळे आरतीला उभे राहतात. मला बरं पडतं." मग त्याला चिमीचे फिरलेले डोळे आठवले आणि त्याने पाना उचलला.

दोघांनी टाकी उतरवली. आत ओढ्यातले गोटे टाकले, कंदिलातलं रॉकेल ओतलं आणि बूच लावून टाकी टेकडीवरून गडगडत सोडली. गोट्यांनी गंज खरवडून निघाला. लाल चिखल ओढ्याकाठी ओतला. टाकी पुन्हा बसवली.

परवाच्या दिवशी जीप घाट अशी चढली, की गुरुजींना नारळ हातात धरूनच पलीकडे उतरावं लागलं. चिमीला औषध मिळालं. ताप उतरला. साळूबाई डॉक्टरांच्या दारातच बसून रडली.

गुरुजी मात्र तडक दरबारात गेले. "महाराज, आईचं कुंकू पुसलं," ते म्हणाले.

तोवर गुरुजींनी राजाच्याही कपाळाला ते कुंकू लावलं होतं. राजा खवळला. "कुणी पुसलं?"

"गंज होता तो, महाराज," मागोमाग दरबारात आलेली साळूबाई म्हणाली.

"म्हणजे मी कपाळाला गंज लावतो?"

राजाने पंजा उगारला. साळिंदर घाबरलं की पाठ फिरवून काटे फुलवतं, तसं तिने केलं. राजाच्या पंजात काटे रुतले.

राजाने दोन हुकूम काढले. मायलेकींना आठवड्याच्या आत हद्दपार करा, आणि आईचं कुंकू परत आणा. गुरुजींनी टाकीत मिठाचं पाणी घालून ठेवलं. गंज तसा प्रामाणिक असतो. बोलावलं की येतो.

पंजा ठणकत होता, पण राजाने कण्हायचं नसतं. शेवटी पाय खांबाएवढा सुजला तेव्हा राजा जीपमध्ये बसला. घाटात जीप बंद पडली. आरती झाली. निघाली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्या आरतीनंतर ती खोकलीसुद्धा नाही.

तेवढ्यात हद्दीबाहेर निघालेली साळूबाई बोचकं घेऊन घाट चढताना दिसली. शेजारी चिमी स्वतःच्या पायांनी चालत होती.

राजाची सूज पाहून साळूबाईला वाईट वाटलं. "महाराज, गोटे इथं रग्गड आहेत," ती म्हणाली. "टाकी काढून चार वेळा हलवली की झालं. बूच उघडू का?"

हुप्पाजीने पाना हातात घेतला.

राजाने सुजलेल्या पंजाकडे पाहिलं. मग गाडीतल्या सगळ्यांच्या लाल कपाळांकडे पाहिलं. मग आरशात स्वतःच्या कपाळाकडे पाहिलं.

"गुरुजी," राजा म्हणाला, "आरती पुन्हा घ्या. जरा मोठ्याने."

साळूबाई आणि चिमी घाट उतरून पलीकडे गेल्या तरी ती ऐकू येत होती.

तात्पर्य : गाडी बंद पडली तर टाकी उघडू नये, नारळ जवळ ठेवावा. आणि पलीकडे खरंच पोचायचं असेल, तर लहानपणीच चालायला शिकावं.