तीन डावी वळणं

तात्या रविवारी सायकलवर असले की उजवीकडे वळत नसत. उजव्या हाताच्या गल्लीत काम निघालं, तर ते पुढे जाऊन तीनदा डावीकडे वळत आणि त्या गल्लीत प्रकट होत. शाहूपुरीतून रंकाळ्याला जायला त्यांना इतरांच्या दुप्पट वेळ लागे. त्याची त्यांना लाज नव्हती.

आमचं घर एकच. खाली घरमालक तात्या, वर भाड्याने मी. काकी गेल्यापासून खाली ते एकटेच होते. मी शाळेत शिकवतो, म्हणून मला ते ‘मास्तर’ म्हणत. दर शनिवारी संध्याकाळी जिन्यातून हाक यायची, “मास्तर, नकाशा करायचाय. या खाली!” शनिवारी त्या वेळेला माझे कान अजून जिन्याकडे असतात.

नकाशा म्हणजे मोबाइलवरचा. रविवारच्या सायकलफेरीची आखणी. ॲप बिचारं जवळची, सरळ निळी रेघ काढून देई. तात्या चष्मा कपाळावर चढवून ती रेघ बोटाने धरत आणि ओल्या कणकेसारखी ओढत पार उद्यमनगरात नेत. उजवं वळण दिसलं की पुढच्या चौकात एक ठिपका, त्याच्या पुढे दुसरा, मग तिसरा. शेवटी रेघेची जिलेबी झालेली असे.

“आता कसं झ्याक दिसतंय,” ते म्हणत.

सकाळी फोन हँडलला रबराने बांधलेला असायचा. आखणीत एखादा ठिपका निसटलाच, तर त्यातली बाई सांगे, “उजवीकडे वळा.”

“तू वळ की,” तात्या डावीकडे वळत म्हणत. “तुला कुणी धरलंय व्हय?”

बाई जरा गप्प होई आणि पुन्हा तेच सांगे. “चिवट हाय,” तात्या कौतुकानं म्हणत, “पर गावात नवीन हाय.”

या फेरीतले त्यांचे जोडीदार दस्तगीरचाचा. शिलाईचं दुकान मुलांकडे सोपवून मोकळे झालेले, तात्यांचे शाळेपासूनचे दोस्त. चाचांच्या उजव्या अंगाला तात्या इतकी खेटून सायकल चालवत की चाचा ओरडत, “सरक की मर्दा! रस्ता तुझ्या आज्ज्यानं बांधलाय?”

“मला हिकडनं वारं बरं लागतंय,” तात्या म्हणत.

एकदा तात्यांना ताप आला आणि चाचांसोबत जायचं काम माझ्याकडे आलं. फोन देताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“मास्तर, उजवीकडं वळू नगा. दस्तगीरला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाय. कबूल करत न्हाय त्यो. एकदा माझ्यासमोर मोटारीखाली जाता जाता ऱ्हायला. पोरांस्नी कळलं तर सायकल काढून घेतील. मग घरात बसून काय करंल त्यो?”

त्या दिवशी मी एकसारखा डावीकडे वळत राहिलो. चाचाही माझ्या मागोमाग वळत राहिले.

माघात तात्या झोपेतच गेले. दिवसकार्य उरकल्यावरच्या रविवारी चाचा सायकल घेऊन दारात उभे होते. मी आदल्या संध्याकाळी जमेल तशी रेघ ओढून ठेवली होती. आम्ही निघालो. पण पहिल्याच मोठ्या चौकात चाचांनी हात दाखवला, मान वळवून मागे बघितलं, येणारा टेम्पो जाऊ दिला आणि उजवीकडे वळले.

मी ओरडलो. पलीकडे ते पाय टेकून उभे राहिले.

“वरडू नगा, मास्तर. डोळा कवाच केलाय. मोतीबिंदू हुता. मिरजेला लेकीकडं गेलतो, तवा.”

“मग तात्यांना...”

“न्हाय सांगितलं.” त्यांनी उगाच एकदा घंटी वाजवली. “मिरजेस्नं आलो तर म्हणाला, तू नव्हतास, मी फिराय गेलोच न्हाय. रविवारचं घर लई मोठं लागतंय म्हणाला. वहिनी गेल्यापास्नं पयल्यांदा तसं बोलला बघा. मग मी डोळ्याचं कशाला काढू? दिसतंय म्हटलं असतं, तर डावी वळणं सुटली असती, लगीच घरी आलो असतो की.”

परत येताना आम्ही जवळचाच रस्ता धरला. दोन वळणांत घर आलं. चाचा सायकलवरून उतरले नाहीत. तात्यांच्या पायरीवर एक पाय टेकून ते दाराच्या कुलपाकडे बघत राहिले.

“एवढं जवळ हाय व्हय घर,” ते म्हणाले.